डावा हात

जिल्हा आरोग्य खात्याची बोट मला धक्क्यावर उतरवून गेली
मार्चच्या सकाळी; खुर्ची, ड्रिल आणि तीन पेट्या.
स्कार्व्होल्मला अकरा वर्षं दंतवैद्य नव्हता.
बाकी सगळं तेच: लाकडी मांडवांवर वाळत टांगलेला कॉड,
बिनमुंडक्याचा, जोडीजोडीने शेपटीला बांधलेला,
आणि तोच वास, जो आईच्या कोटातून
आम्ही बूडोला पळाल्यावरही तीन हिवाळे गेला नाही.

खुर्ची त्यांनी शाळेत मांडली. तिसरीच्या वर्गात.
मागे कोट टांगायच्या खुंट्या अजून आहेत.
त्यांच्याखाली, ओल्या लोकरीच्या वासात, माझं बाक होतं.
म्हणजे जर्मनाच्या पिल्लाचं.
माझं नाव आयलर्ट. हजेरीत ते शेवटी यायचं,
आडनाव आस्के असूनही.

आता एकेक जण येतो, टोपी काढतो, आ करतो.
किती सोपं आहे हे.
ज्या तोंडांनी मला नावं ठेवली
त्यांत दिवा पाडून बघायचं.
टोर्लाइफ दुकानदार: खालची दाढ पोकळ, वरच्या दोन सोन्याच्या.
सुट्टे पैसे त्याने कधी माझ्या हातावर ठेवले नाहीत.
फळीवर ठेवायचा,
मी उचलले की फळी पुसायचा.
येनफ्रीद: हिरड्यांतून रक्त.
पंचेचाळीसच्या मे महिन्यात ती कात्री तिच्या घरची होती,
मेंढ्या कातरायची.
तिने आईचे केस कापले नाहीत म्हणे. डोकं धरलं फक्त.
मी कागदावर लिहितो: हिरड्यांना सूज, मध्यम.

कुणावर दात धरणं म्हणतात ना,
मी वीस वर्षं धरले, बत्तीसच्या बत्तीस.
मग शिकताना कळलं की दाताला मूळ असतं, मुळात नस,
आणि नस मेली की दात काळा पडतो
पण जागच्या जागी उभा राहतो,
काही न बोलता. या गावासारखा.

बाहेर पोरं कॉडच्या जिभा कापताहेत,
खिळ्यावर डोकं रोवायचं, एक झटका, बादलीत.
किलोमागे पैसे मिळतात.
मला त्या रांगेत उभं राहू देत नसत.

चौथ्या दिवशी हॅल्वार मूएन आले. मास्तर.
काठी खुर्चीला टेकवून मागे रेलले
तेव्हा त्यांना या खोलीचं छत दिसलं, बहुधा पहिल्यांदाच.
मी म्हणालो, सगळ्यांना म्हणतो तेच:
दुखलं तर डावा हात वर करा. मी थांबेन.

चार वर्षं मी इथे हात वर करत होतो.
उत्तर येत होतं म्हणून. लघवीला जायचं होतं म्हणून.
एकदा बर्फाच्या गोळ्यात दगड होता,
आणि रक्त डोळ्यात उतरत होतं म्हणून.
त्यांची नजर माझ्या डोक्यावरून जायची,
कोट मोजत.

औषध पुरतं चढायच्या आधी मी ड्रिल लावलं का?
घड्याळाकडे पाहिलं नव्हतं.
हात वर आला. म्हातारा, तपकिरी डागांचा,
खडू नसलेला.
मला दिसला.
एक.
दोन.
हे दोन आकडे मी कुठल्याच कागदावर लिहिलेले नाहीत.
मग थांबलो.

अर्ध्या बधीर ओठांनी ते म्हणाले, आयल...
पुढचं अक्षर त्यांना सापडलं नाही,
आणि त्यापुढे जे काही होतं, तेही.
लाळ हनुवटीवरून गळ्यातल्या फडक्यावर आली.
मी पुसली. का, विचारू नका. कामाचा भाग आहे.

पेला दिला. चूळ भरा, म्हणालो. थुंका.
ते घुटमळले.
इथे, म्हणालो. भांड्यात.
आता भांडं आहे.

खिडकीबाहेर सुकलेला कॉड वाऱ्याने एकमेकांवर आपटत होता,
लाकडावर लाकूड वाजावं तसा.
आत या, मी पुढच्याला हाक मारली.
कोट तिथे टांगा. मागे.